पॅन्ट घालायची? आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा

बायकांच्या पॅन्टचा विषय निघाला की फॅशनवाले लगेच पॅरिसच्या इव्ह साँ लोराँ या डिझायनरचं नाव घेतात. 1966 साली त्याने बायकांसाठी 'ल स्मोकिंग' नावाचा टक्सिडो सूट, म्हणजे पुरुष पार्टीला घालतात तसा कोट-पॅन्ट, काढला आणि मग काय, क्रांतीच झाली म्हणे. मला हे श्रेय जरा जास्तच वाटतं. डिझायनर साहेब अगदी शेवटी आले हो, त्याच्या आधी शंभरेक वर्षं बायका कामाचं काहीतरी निमित्त काढून पॅन्ट घालतच होत्या, आणि त्याही त्याच्याच पॅरिसमध्ये जिथे ते चक्क बेकायदेशीर होतं.

म्हणजे बघा, नोव्हेंबर 1800 मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला की ज्या बाईला पुरुषी कपडे घालायचेत तिने पोलीस मुख्यालयात येऊन परवाना घ्यायचा, आणि तो मिळणार फक्त तब्येतीच्या कारणासाठी, डॉक्टरच्या सहीशिवाय नाहीच. रोझा बोनर नावाची चित्रकार होती, तिचा 1857 चा असा परवाना अजून जपलेला आहे. ही बाई जनावरं रंगवायची, त्यासाठी घोडेबाजारात आणि खाटीकखान्यात जाऊन तासन् तास स्केच करत बसायची, आता तिथे शेणाचिखलात जमिनीवर लोळणारा घेरदार झगा घालून कसं काम करणार सांगा. पण परवाना दर सहा महिन्यांनी रिन्यू करायचा आणि नाटक, बॉल डान्स अशा ठिकाणी तो चालणार नाही ही अट. तिचं घोडेबाजाराचं चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, आठ फूट उंच आणि सोळा फुटांहून लांब, एकदा फोटो शोधून बघाच, घोडे अंगावर येतात.

आमच्या आज्या-पणज्या नऊवारीचा काष्टा घालून गुडघाभर चिखलात भात लावायच्या, त्यांना कोणी डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. (त्याच घरात नंतर सुनेने जीन्स घातली की आभाळ कोसळायचं, ते वेगळं.)

आणि हसू नका, ही चिठ्ठी फार जुनी गोष्ट नाहीये. ब्रिटिश एअरवेजमध्ये 2012 पासून भरती झालेल्या एअर होस्टेसना पॅन्ट हवी असेल तर वैद्यकीय किंवा धार्मिक कारण दाखवावं लागायचं, युनियनने भांडून भांडून 2016 मध्ये ते काढायला लावलं.

परत पॅरिसला. सायकल आली तशी पोलिसांची पंचाईत झाली, मग 1892 आणि 1909 मध्ये त्यांनी सूट दिली की हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पॅन्ट चालेल. सायकलवरून उतरल्यावर काय करायचं ते सांगितलं नाही! पुढे महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, फॅक्टरीत मशीनवर बायकाच उभ्या राहिल्या, तिथे स्कर्ट अडकला तर जीवच जायचा, त्यामुळे पॅन्ट आली. पण सगळीकडे मेख तीच, काम असेल तोवर ठीक, हौस म्हणून नाही.

म्हणून मला साँ लोराँचा सूट जर कुठे महत्त्वाचा वाटत असेल तर तो इथे, कारण तो घालायला काही निमित्तच नव्हतं, बाई फक्त छान दिसत होती. आणि तेच लोकांना झेपलं नाही. न्यूयॉर्कच्या ला कोत बास्क या महागड्या रेस्टॉरंटमध्ये नॅन केंपनर नावाची श्रीमंत बाई त्याचा सूट घालून गेली तर दारातच अडवली, तर तिने म्हणे पॅन्ट काढून ठेवली आणि नुसता वरचा कोट मिनी ड्रेससारखा घालून आत जाऊन जेवली. मांड्या दिसल्या तर चालतात, पॅन्ट नको, काय लॉजिक आहे!

1972 मध्ये फ्रान्सच्या संसदेच्या दारात मिशेल आलियो-मारी यांनाही पॅन्टवरून अडवलं, त्या म्हणाल्या त्रास होत असेल तर काढून ठेवते. गुपचूप आत सोडलं. हीच बाई पुढे संरक्षणमंत्री झाली आणि 2007 ते 2009 गृहमंत्री, म्हणजे सगळे पोलीस तिच्या हाताखाली, आणि 1800 चा तो हुकूम तेव्हाही कागदावर होताच. तो रद्दबातल आहे असं सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते थेट जानेवारी 2013 मध्ये, एका सिनेटरने प्रश्न विचारला म्हणून.