भत्ता

२८ सप्टेंबर, रात्रीचे साडेअकरा

रविवार असून आज शाळेत दिवस भरला. १ तारखेपासून इथे चीनमध्ये राष्ट्रीय दिन आणि मध्यशरद सण मिळून आठ दिवस सुट्टी, त्यातला एक दिवस आज आगाऊ फेडून घेतला, दुसरा ११ तारखेच्या शनिवारी फेडायचा. अख्खा देशच फेडतो, मग तक्रार कुणाकडे करणार! घरी घट बसलेत. ताईनं फोटो पाठवला होता, इथली इंटरनेटबंदी ओलांडायला लावलेल्या व्हीपीएनच्या कृपेनं तो अर्धाच उघडला. वर हिरवे कोंब, खाली करडी चौकट.

पण मी लिहायला बसलेय ती सईमुळे.

परवा तिचा मेसेज आला. "मावशी, एका एजंटशी बोलणं झालंय. चीनमध्ये इंग्रजी शिकवायचं, राहायला खोली, महिना ५००० युआन, शिवाय अनुभव. येऊ का?" मी हातातला चहाही खाली न ठेवता लिहून टाकलं, "पैसे फार नाहीत गं, पण अनुभव छान मिळतो."

आज दुपारी वर्गातली मुलं झोपली होती. पडदे ओढलेले, ओळीनं छोटे पलंग, कोणाचा तरी पाय दुसऱ्याच्या पोटावर. मी कोपऱ्यात बसून फोन चाळत होते, तेव्हा ते वाक्य पुन्हा डोळ्यांसमोर आलं आणि कसंतरीच झालं. हे वाक्य माझं नाहीच. गेल्या वर्षी माझ्या एजंटनं फोनवर मला हेच ऐकवलं होतं. "पैसे फार नाहीत मॅडम, पण..." त्या 'पण'पाशी तो जरा थांबला होता. मीही सईला लिहिताना तिथेच स्वल्पविराम टाकला.

मी असं का लिहिलं? तिला बरं वाटावं म्हणून? की वर्षभर स्वतःला जे सांगत आले, तेच सवयीनं बोटांतून उतरलं?

मला ५५०० मिळतात. युआनला साधारण बारा रुपये धरले, तर आकडा ऐकायला वाईट नाही. सोलापुरात ऐकवला तर छानच. पण इथे शेजारच्या वर्गातल्या डर्बनच्या पोराला १६००० मिळतात. तो सांगत नव्हता, मीच विचारलं. त्याचा काही दोष नाही. पोरगा गुणी आहे, मुलांना खांद्यावर घेऊन नाचतो. फक्त दर बुधवारी वही घेऊन माझ्याकडे येतो, 'हॅव बीन' आणि 'हॅड बीन' यांतला फरक समजून घ्यायला. मी एम. ए., बी. एड. तो त्याच्या पासपोर्टावर आलाय. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, हे सात देश मला आता सप्तनद्यांसारखे पाठ झालेत. नियमात म्हटलंय की भाषा शिकवणाऱ्याची ती मातृभाषा असावी. माझी मातृभाषा विचारली तर मी खोटं कशी बोलणार? आई इंग्रजीत रागावली असती, तर आज १६००० मिळाले असते.

त्याचा व्हिसा झेड, म्हणजे कामाचा. माझा एफ, म्हणजे देवाणघेवाणीचा. म्हणून माझ्या कागदावर 'पगार' हा शब्दच नाही. 'सांस्कृतिक देवाणघेवाण' आणि 'भत्ता'. भत्ता म्हटला की मला फरसाणच आठवतो, पण असो. परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर दंड ५००० ते २०००० युआन, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर वर ५ ते १५ दिवस कोठडी. हे मला इथे आल्यावर तिसऱ्या महिन्यात कळलं. आणि मी सईला लिहिते, अनुभव छान मिळतो!

संस्कृती या शब्दाची तर इथे चंगळ आहे. २०२१च्या जुलैत सरकारनं शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांना वेसण घातली. तेव्हापासून आमच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या तासाचं नाव 'जागतिक संस्कृती'. दारावर पृथ्वीचा गोल, आत एबीसीडी. एका मुलाच्या एका तासाचे १५० युआन. पावती एका आजीच्या पिशवीतून खाली पडली, मी उचलून दिली, तेव्हा कळलं. वर्गात १४ मुलं. १४ गुणिले १५०, आणि आठवड्याला माझे असे १० तास... भाजीवाल्यापुढे उभं राहून करतो तसा मनात हिशेब सुरू झाला आणि मध्येच सोडून दिला. पुढचा आकडा पाहून झोप लागली नसती.

मार्चमध्ये धीर करून शाळेतल्या ली लाओशींना, म्हणजे ली बाईंना, विचारलं होतं. भत्ता थोडा वाढवता येईल का, म्हणून. त्या रागावल्या नाहीत. गरम पाण्याचा कप पुढे केला आणि म्हणाल्या, "तुमच्या के दिहुआंनी कुठे पगार मागितला होता?"

के दिहुआ म्हणजे आपले डॉ. कोटणीस. हे शहर शिजियाझुआंग. इथल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत ते आहेत, कॅनडाचे डॉ. बेथ्यूनही तिथेच. मी सोलापूरची आहे हे मीच पहिल्या दिवशी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचा फोटोही दाखवला होता. टॅक्सीवाल्यापासून सगळे या नावानं विरघळतात, मग मीही ते नाणं खुशाल वापरलं. आता तेच नाणं माझ्या हातावर परत ठेवलं गेलं.

काय उत्तर देणार? १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर जपानशी चाललेल्या युद्धात जखमी झालेल्यांसाठी चीनमध्ये आले, त्यांतले हे एक ३२व्या वर्षी याच देशात वारले. आणि मी 'सी फॉर कॅट' म्हणते, पालक त्याचे १५० मोजतात. या दोन्हीला एकाच तराजूत घालणाऱ्या बाईंना मी त्या दिवशी "हो, खरंय" म्हणून गरम पाणी पिऊन बाहेर आले. ते पाणी अजून घशात आहे.

रडायलाही आलं आज थोडं. कपडे वाळत घालताना. ते या खोलीचं, त्या बाकीच्या गोष्टीचं, सगळंच असेल. त्याबद्दल नको.

मग संध्याकाळी आपलवर चिडले. आपल म्हणजे सफरचंद, मुलीनं स्वतः निवडलेलं इंग्रजी नाव. ती काही केल्या 'थ' म्हणत नाही. 'स्री', 'सँक यू'. मी वाकून तिच्यासमोर जीभ दातांत धरून दाखवली, तर तिनं गंभीरपणे बोटानं माझी जीभ आत ढकलली. वर्गभर हसू. मलाही आवरेना. आणि 'थ्री' आला! फुंकरीसारखा, थुंकीसकट माझ्या चष्म्यावर.

आता हा अनुभव आहे की नाही? आहेच. हीच तर पंचाईत. मी सईला खोटं लिहिलं असतं तर खोडून मोकळी झाले असते. स्वयंपाकघरातल्या मावशी मांथोला, म्हणजे वाफवलेल्या पावाला, शेंगाचटणी लावून खातात आणि नाकातोंडातून पाणी आलं तरी पुन्हा वाटी पुढे करतात. छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला, कोटणीसांपुढे कुणाच्या तरी नातवानं ठेवलेली पिवळी शेवंती मी पाहिलीय. हे मला ५५०० मधून वेगळं काढता येत नाही, आणि यासाठी पैसे कमी का घ्यायचे, हेही कळत नाही. डर्बनच्या पोरालाही आपल आहे, मांथो आहे. त्याला कोणी अनुभव कापून पगार देत नाही.

दिवाळीला दोन हजार कमी आणि फराळाचा वास जास्त, असं कोणी आपल्या ऑफिसात म्हणून बघावं!

रात्री सईला नव्यानं लिहिलं. आकडे लिहिले, माझेही. व्हिसाचं अक्षर विचार, एफ म्हणाला तर फोन ठेव, असं लिहिलं. दंडाचं लिहिलं. परवाचा माझा मेसेज विसरून जा, असंही लिहिणार होते, पण लिहिलं नाही.

बराच वेळ एकच टिक होती. मग उत्तर आलं.

"बापरे. मग तू परत का येत नाहीस?"

आज शाळेकडून मध्यशरद सणाच्या चंद्रकेकचा डबा मिळालाय, प्रत्येकाला एक. लाल डबा, सोनेरी कमळ, आत सहा. एक कापला तर आतून अंड्याचा खारट पिवळा बलक. नवरात्र. तो बाजूला काढून कडेकडेनं खाल्ला. डर्बनच्या पोराच्या हातातही डबा होता, तोही सहाचाच.

उद्यासाठी 'थ'ची चित्रं कापायची राहिलीत. सईला सकाळी लिहीन.