काटा खाली येईना

पावसाळ्यात साताऱ्यात गच्चीवर कुणी उगाच चढत नाही. मी तीन रविवार चढलो. पीव्हीसीच्या पाइपावर मधोमध टांगलेली, दोन्हीकडे उतरत गेलेली माझ्या हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओची, अँटेनाची तार, ४० मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी), लांबी साधारण २० मीटर. ती थोडी कापायची, खाली येऊन मीटर बघायचा, परत वर. समोर अजिंक्यतारा ढगात गुडूप आणि जिन्यातून आईचा आवाज, "अरे, विजा चमकतायत, तार कसली धरतोस!"

भानगड रेडिओची शक्ती वाढवणाऱ्या, घरी बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची होती. दोन आयआरएफ ५१० ट्रान्झिस्टर, भंगारातल्या कॉम्प्युटरचा हीटसिंक आणि पत्र्याचा डबा. तो बंद ठेवून ट्रान्सीव्हरचे (संदेश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या रेडिओचे) ५ वॅट नुसते पुढे सोडले, तर एसडब्ल्यूआर, म्हणजे किती शक्ती माघारी येते ते सांगणारा आकडा, १.२ (१ म्हणजे काहीच माघारी नाही). चालू केला की काटा थेट २ वर. म्हणजे पाठवलेल्या शक्तीतले शंभरातले अकरा भाग माघारी. आता शक्ती वाढली म्हणून तार थोडीच बदलते? हे तेव्हाच सुचायला हवं होतं. पण नाचता येईना की अंगण वाकडं, आणि माझं अंगण गच्चीवर होतं.

सकाळी ७ मेगाहर्ट्झवर सांगलीच्या एका जुन्या हॅमकाकांकडे रडगाणं गायलो. ते म्हणाले, "लेका, तारेला हात लावू नकोस. डमी लोड लाव आणि काय दिसतं ते सांग."

डमी लोड, म्हणजे तारेच्या जागी लावून शक्ती नुसती उष्णतेत जिरवायचा नकली भार, घरात होता: एक किलोओहमचे २० रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर ५० ओहम, ते ट्रान्सफॉर्मरच्या तेलात बुडवून तुपाच्या जुन्या डब्यात ठेवलेले. (त्या डब्याचा हिशेब बायकोने अजून मागितलेला नाही.) लावला. काटा पुन्हा २ वर! न तार, न झाड, न पाऊस, आणि तरी शक्ती माघारी येतेय म्हणे.

मग डबा उघडला. मीटरला खबर देणारा कपलर, म्हणजे दोन फेराइटच्या कड्या, मी ट्रान्झिस्टर आणि लो पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारी चाळणी) यांच्या मधे बसवला होता. जागा तिथेच मोकळी होती, दुसरं कारण नाही. ट्रान्झिस्टरमधून ७.१ मेगाहर्ट्झ निघतो, पण एकटा नाही. तिप्पट वारंवारतेची, २१.३ची लहर त्याच्या मागे लागलेली असते. फिल्टर ७.१ला वाट देतो आणि २१.३ला गिळत नाही, दारातूनच परत धाडतो. कपलर बिचारा वारंवारता विचारत नाही, माघारी आलेलं सगळं मोजतो. ५ वॅटला हे होत नव्हतं, कारण ट्रान्सीव्हरच्या पोटात स्वतःचा फिल्टर आहेच.

कपलर फिल्टरच्या पुढे, सॉकेटजवळ नेला. डमी लोडवर काटा १.१. मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको लाटणं घेऊन आली.

मग रुबाबात तार लावली. १.६. तीन रविवारांची कापाकापी! चांगली १.२ची तार मीच आखूड करून ठेवली होती. तुकडे शोधायला गेलो तर आईने ते कधीच दोडक्याच्या वेलाला बांधलेले, आणि वेल चांगला वर गेलाय.