येऊरच्या ओढ्यातलं मॉस आणि ते 'नवीन' ठरवायची खटपट

ठाण्याजवळच्या येऊरमधल्या ओढ्यात मला एक मॉस (ओल्या दगडांवर वाढणारी, शेवाळासारखी दिसणारी छोटी वनस्पती) सापडलं, ते नवीन जातीचं आहे असं आम्ही म्हणतोय; पण आधीच सांगतो, त्याला दिलेलं नाव सांगणार नाही. त्यावरचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, अजून छापून आलेला नाही आणि छापून येईपर्यंत त्या नावाला नियमाप्रमाणे काडीची किंमत नसते, उलट आधीच कुठेतरी फिरलं की पुढे गोंधळ होतो. पण मित्रमंडळी, नातेवाईक सगळे एकच विचारतात की "सापडलं ना, मग अजून काय राहिलंय?", म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. येऊरचा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे परवानगीशिवाय तिथली काडीसुद्धा उचलता येत नाही, ती परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून म्हणजे नागपूरहून येते, आणि त्या अर्जाची फाइल हा एक वेगळाच विषय आहे तो सोडून देतो. परवानगी आल्यावर पावसाळ्यात ओढ्यात उतरलो, काळ्या बेसाल्टच्या दगडांवर पाण्याखाली गडद हिरवं काहीतरी वाहत्या पाण्यात हलत होतं, चिमूटभर खरवडून घेतलं. भिंगाखाली धरल्यावर जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, लगेच कळला, फिसिडेन्स. याची पानं दोन्ही बाजूंना एका पातळीत लागतात आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी शर्टाच्या खिशासारखा एक कप्पा असतो, त्यात खोड अडकलेलं असतं. हे एकदा बघितलं की माणूस आयुष्यात विसरत नाही.

पण फिसिडेन्स आहे एवढं कळून काय उपयोग? जगात याच्या साडेचारशेच्या आसपास जाती आहेत. आपल्याकडच्या पुस्तकांत लक्षणांवरून जात ओळखायची जी 'की' असते, तिच्यात ते कुठेच बसेना. मी खूश, गाइड मॅडम अजिबात नाही. त्या म्हणाल्या, "की मध्ये बसत नाही म्हणजे नवीन आहे असं नसतं रे. ते जुनं नाहीये हे दाखव आधी." आणि खरं सांगू का, पुढचं सगळं काम या एका वाक्यातच होतं.

पहिली भानगड पाण्याची. पाण्यात वाढणारं मॉस भयंकर फसवं असतं. जमिनीवरची एखादी साधी जात पाण्याखाली गेली की तिची पानं लांब होतात, एकमेकांपासून दूर जातात, मऊ पडतात, वाहत्या पाण्याने झिजून कधीकधी नुसती मधली शीर उरते. त्यामुळे आपण ज्याला नवीन जात म्हणतोय ती दोन हात वरच्या ओल्या दगडावरचीच जात बुडालेली असू शकते. यावर उपाय एकच, वाढवून बघणं. मग घरी खिडकीच्या ग्रिलमध्ये प्लास्टिकचे डबे ठेवले, काहींत मॉस पूर्ण पाण्यात, काहींत अर्धं बाहेर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नको म्हणून पावसाचं पाणी साठवलं, त्यावरून आईची रोज कटकट, कारण डेंग्यूच्या सीझनमध्ये पालिकेची माणसं घरोघरी साठलेलं पाणी तपासत फिरतात आणि आमच्याकडे डबेच डबे. तपासायला आलेल्या पालिकेच्या बाईंना आई सांगत होती, "अहो शेवाळ आहे ते, त्याच्या कॉलेजचं," आणि त्या टॉर्च मारून अळ्या शोधत होत्या. शेवटी सगळ्या डब्यांवर जाळी बांधली तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

पण त्या डब्यांनी काम केलं. पाण्याबाहेर आलेली नवी पानं आखूड आणि दाट आली, म्हणजे पानाची लांबी हे लक्षण बाद, ते वर्णनात वेगळेपण म्हणून लिहायचंच नाही. पण पानाच्या कडेला लांबट पेशींची एक बॉर्डर असते, ती या मॉसमध्ये टोकाच्या बरीच आधी संपते, आणि ती पाण्यात काय आणि बाहेर काय, तशीच राहिली. हे बघायला पानाचे आडवे छेद घ्यावे लागतात. पान दोनेक मिलिमीटरचं, त्यासाठी काही महागडं मशीन लागत नाही, दाढीचं ब्लेड अर्धं मोडायचं, ओलं पान काचेवर ठेवायचं, सुईने दाबायचं आणि श्वास रोखून कोथिंबीर चिरल्यासारखं चिरत सुटायचं. शंभरातला एखादा छेद नीट येतो, बाकी सगळा चिवडा. मला यात मजा यायला लागली होती हे कबूल करतो, लॅबमधले बाकीचे मला वेडा समजायचे.

डीएनए केलं का, हा प्रश्न हमखास येतो. केलं. मॉसवर डायटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाल) आणि बाकीचं काय काय चिकटलेलं असतं ते आधी मऊ ब्रशने धुऊन काढायला लागतं, नाहीतर सिक्वेन्स, म्हणजे डीएनएमधला अक्षरक्रम, भलत्याचाच यायचा. पण लोकांना वाटतं डीएनए म्हणजे फायनल निकाल, तसं इथे नाहीये. आपल्याकडच्या कितीतरी मॉसचे सिक्वेन्स डेटाबेसमध्येच नाहीत, मग कॉम्प्युटर म्हणतो की कुणाशी जुळत नाही, त्यात नवल काय? ज्याच्याशी जुळायला हवं ते तिथे असायला तर पाहिजे.

म्हणून पुन्हा जुन्या पाकिटांकडे, म्हणजे संग्रहांत सुकवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांकडे. मॉसच्या नावांची अधिकृत सुरुवात १८०१ सालच्या हेडविग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथापासून धरतात, तेव्हापासून कुणीही, कुठेही, कसंही चार ओळीत वर्णन केलेली जात असेल तर ती मोजावी लागते. इंग्रजांच्या काळात सेजविक नावाचा एक आयसीएस अधिकारी मुंबई इलाख्यातली मॉस गोळा करून इंग्लंडला डिक्सन या मॉसच्या अभ्यासकाकडे पाठवायचा, म्हणजे आपल्या डोंगरातल्या मॉसची मूळ पाकिटं लंडनला. स्कॅन मिळतात, पण स्कॅनमध्ये पानाचा छेद दिसत नाही, मग तिथल्या लोकांना मेल करून फोटो मागवायचे. कार्ल म्युलर या जर्मन अभ्यासकाने नावं दिलेल्या जातींचं तर आणखी वाईट, त्याचा संग्रह बर्लिनला होता आणि १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. मग त्याच नमुन्याचा तुकडा दुसऱ्या कुठल्या हर्बेरियममध्ये (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) गेलाय का ते शोधत बसा. ठाण्यातल्या ओढ्यातलं मॉस ठरवायला बर्लिनची आग आडवी येते, काय बोलणार!

सगळ्यात जास्त रखडलो ते बोंडीवर, म्हणजे स्पोर (बीजासारखे सूक्ष्म कण, ज्यांतून नवं मॉस उगवतं) तयार होतात ती कॅप्सूल. पाण्यातली मॉस बोंडी धरायचं नावच घेत नाहीत. आमचा ओढा पावसाळी, पाणी ओसरताना दगड उघडे पडतात तेवढ्या थोड्या काळात काही दगडांवर बोंडी मिळाली, पण ती बघायला माणूस नेमका तेव्हा तिथे पाहिजे. पाड्यावरचा एक दादा पाणी उतरलं की फोन करायचा, त्याचं नाव त्याला विचारून आभारात टाकलंय.

लिहायचं काम त्या मानाने सरळ. पूर्वी लॅटिनमध्ये वर्णन सक्तीचं होतं, २०१२ पासून इंग्रजी चालतं, सुटलो. मुख्य नमुना म्हणजे होलोटाइप कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला ते लिहावंच लागतं, नाहीतर नाव ग्राह्य नाही, आणि जैवविविधता कायद्याप्रमाणेही नमुना सरकारमान्य संग्रहात द्यावाच लागतो. मॉस दाबून शीटवर चिकटवत नाहीत, सुकवून कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवतात, पाणी टाकलं की शंभर वर्षांनीही पानं पुन्हा उलगडतात, त्यामुळे सेजविकचं पाकीट आज मला कामाला येतं.

सध्या पेपर रिव्ह्यूमधून, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांच्या तपासणीतून, परत आलाय. एकाने 'चांगलं आहे' म्हणून सोडलं, दुसऱ्याने पेशींची मापं सगळ्या नमुन्यांवर पुन्हा घ्यायला लावली, मला राग आला, पण मागणी बरोबर होती. मापं पाठवलीत. ओढ्याची नेमकी जागा पेपरमध्ये मोघम ठेवलीय, कारण हे कळल्यापासून फिश टँकवाले मित्र मागे लागलेत, "मूठभर दे ना यार, टँकमध्ये भारी दिसेल." ते राष्ट्रीय उद्यानातलं आहे, देता येत नाही आणि देणारही नाही, कृपया मेसेज करू नका, दुकानात जावा मॉस मिळतं ते घ्या.