रिंगचं नववं पदक

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या विमानतळावर हातात काठी घेतलेल्या एका माणसाचा पुतळा आहे. क्रिस्टी रिंग. शहरात नदीवरच्या एका पुलालाही त्याचंच नाव दिलंय. हा हर्लिंगचा खेळाडू, कॉर्ककडून आठ वेळा अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलेला. मला वाटलं होतं, इथले लोक त्या आठ विजयांबद्दल भरभरून बोलतील. पण आमच्या शेजारच्या आजोबांनी सुरुवात केली ती १९५६ पासून, म्हणजे रिंग हरला त्या वर्षापासून. पुढे ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर आणि केस कापायच्या दुकानातही तोच सामना ऐकला. आता तो मला इतका पाठ झालाय की तुम्हालाही सांगून टाकतो.

आधी खेळाबद्दल थोडं. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपट्या पात्याची काठी, चामड्याचा छोटा टणक चेंडू आणि दोन्हीकडे पंधरा-पंधरा माणसं. आपला विटीदांडू आणि हॉकी एकत्र करून कुणीतरी पिसाळावं, तसं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांड्यावरून गेला की एक गुण. म्हणून धावफलकावर २-१४ असं दिसलं तर ते दोन गोल आणि चौदा गुण, एकूण वीस. ही बेरीज अजूनही माझ्या बायकोला माझ्याआधी जमते. हेल्मेट सक्तीचं झालं ते २०१० साली. १९५६ मध्ये मंडळी उघड्या डोक्याने, फार तर टोपी घालून खेळायची.

आणि फुकट खेळायची. आजही फुकटच खेळतात. आपापल्या काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी खेळायचं, लिलाव नाही, पगार नाही. रिंग तेलाचा टँकर चालवायचा. वेक्सफर्डचा निकी रॅकर्ड गुरांचा डॉक्टर होता. सोमवारी दोघेही कामावर.

वेक्सफर्ड म्हणजे आग्नेय कोपऱ्यातली काउंटी. १९१० नंतर थेट १९५५ मध्ये त्यांनी अजिंक्यपद मिळवलं होतं. मधल्या काळात १९५१ ला टिपरेरीने आणि १९५४ ला कॉर्कने त्यांना अंतिम सामन्यात हरवलं. ५६ च्या मे महिन्यात लीग या वेगळ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा टिपरेरीच समोर. मध्यंतराला वेक्सफर्ड पंधरा गुणांनी मागे! पहिल्या अर्ध्यात सोसाट्याचा वारा त्यांच्या तोंडावर होता, दुसऱ्या अर्ध्यात तो पाठीशी आला आणि सामना त्यांनी चार गुणांनी जिंकला. या संघाला संपला असं समजायचं नाही, हे उन्हाळ्याआधीच सगळ्यांना कळून चुकलं.

इकडे कॉर्कची गाडी मन्स्टर प्रांतातून येत होती. तेव्हा एक सामना हरला की वर्ष संपलं. जुलैत थर्लेसला लिमरिकविरुद्ध प्रांताचा अंतिम सामना, आणि रिंगला लिमरिकच्या बचावपटूने जवळजवळ पूर्ण वेळ जखडून ठेवलेलं. रिंग तेव्हा पस्तिशीचा. प्रेक्षकांत कुजबुज सुरू असणार की म्हातारा झाला. मग शेवटच्या काही मिनिटांत त्याने एकामागून एक तीन गोल मारले. कॉर्क ५-५, लिमरिक ३-५. आता अखिल आयर्लंडचा अंतिम सामना तेवढा उरला, नववं पदक एका सामन्यावर आलं. नऊ पदकं तोवर कुणाकडेच नव्हती.

आणि तेवढ्यात पोलिओ आला. त्या उन्हाळ्यात कॉर्क शहरात साथ पसरली. अंतिम सामना दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी व्हायचा, तो पुढे ढकलून २३ तारखेला ठेवला. कॉर्कची हजारो माणसं डब्लिनला येऊन गर्दी करणार, ही धास्ती होती. आजोबा तेव्हा शाळकरी पोरगा. पोहणं बंद, गर्दीत जाणं बंद, एवढंच त्यांना आठवतं. सामना त्यांनी रेडिओवर ऐकला, कारण आयर्लंडचं स्वतःचं टीव्ही केंद्र सुरू व्हायला अजून पाच वर्षं होती. ही हकिकत ऐकताना मला २०२० आठवलं, पण आजोबांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

तरीही डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८३,०९६ माणसं जमली. देशाची लोकसंख्या तेव्हा २९ लाखांच्या आसपास, म्हणजे दर पस्तीस माणसांमागे एक माणूस त्या मैदानात!

सामना संपायला काही मिनिटं उरलेली. वेक्सफर्ड दोनच गुणांनी पुढे. चेंडू रिंगकडे आला आणि त्याने गोलवर फटका मारला. तो आत गेला असता तर कॉर्क पुढे आणि नववं पदक जवळजवळ गळ्यात. वेक्सफर्डचा गोलरक्षक आर्ट फोली बुटका होता, पण त्याने तो अडवला. अडवलेला चेंडू मैदान ओलांडून दुसऱ्या टोकाला निकी रॅकर्डपर्यंत पोहोचला आणि त्याने गोल केला. वेक्सफर्ड २-१४, कॉर्क २-८.

शिट्टी झाल्यावर वेक्सफर्डच्या बॉबी रॅकर्ड आणि निक ओडॉनेल या दोघांनी रिंगला खांद्यावर उचललं आणि तसंच मैदानाबाहेर नेलं. बॉबी हा निकीचा भाऊ, दिवसभर रिंगच्याच मागावर होता. ओडॉनेलचं तर १९५४ च्या अंतिम सामन्यात रिंगशी झालेल्या टकरीतच गळ्याजवळचं हाड (कॉलरबोन) मोडलं होतं. स्वतः जिंकलेले असताना आधी हरलेल्याला उचलायचं, हे त्यांना त्या क्षणी सुचलं कसं? कॉर्कची माणसं हा पराभव सांगताना छाती फुगवतात ती यामुळे. आमच्याकडे जिंकणारे आमच्याच माणसाला खांद्यावर घेतात, असा त्यांचा हिशेब.

फोली त्यानंतर लवकरच अमेरिकेला निघून गेला, न्यूयॉर्कला. यात वेगळं काहीच नव्हतं. त्या दशकात या देशातून सुमारे चार लाख माणसं पोट भरायला बाहेर पडली आणि १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या २८ लाखांवर आली. आज आम्ही नोकरीसाठी इथे येतो आणि घरभाड्यावरून कुरकुर करतो.

एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. या खेळाच्या संघटनेचा तेव्हा नियम होता की सभासदाने ‘परकीय’ खेळ खेळायचा नाही, बघायलाही जायचं नाही. फुटबॉल, रग्बी, हॉकी, आणि हो, क्रिकेटसुद्धा. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड फुटबॉलचा सामना बघायला गेले, तर त्यांनाच आश्रयदाते पदावरून काढलं! हा नियम १९७१ साली गेला. क्रिकेट पाहिलं म्हणून हाकललं जाणं, हे आमच्या दादरच्या काकांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी मला वेड्यात काढलं आणि मग इंग्रजांना.

रिंगला नववं पदक काही मिळालं नाही. १९७९ मध्ये तो गेला तेव्हा त्याचा जुना सहकारी जॅक लिंच देशाचा पंतप्रधान होता, आणि थडग्यापाशी त्याने भाषण केलं. पुढे किलकेनीच्या हेन्री शेफ्लिनने २०१४ मध्ये दहावं पदक जिंकलं. हा आकडा आजोबांपुढे काढायचा नाही, अशी त्यांच्या सुनेची आम्हाला सक्त ताकीद आहे.