लाळग्रंथीच्या कॅन्सरची जीन तपासणी : माझा अनुभव

कानाखाली जबड्याच्या कोपऱ्याशी एक गाठ होती. दुखत नव्हती, बोटाने दाबली की हलायची, त्यामुळे घरात कोणी फारसं मनावर घेतलं नाही आणि मीही नाही. मग हळूहळू वाढतेय असं वाटायला लागलं. एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) केली, त्यात नक्की काय ते कळेना, एमआरआय झाला आणि शेवटी ऑपरेशनच करायचं ठरलं. चेहरा हलवणारी नस पॅरोटिड या कानाजवळच्या लाळग्रंथीच्या मधूनच जाते, तिची जाम भीती घातली होती सगळ्यांनी, पण सर्जनने नस छान वाचवली. कानाची पाळी मात्र अजून बधिर आहे, कानातलं घालताना कळतच नाही घातलंय की नाही ते.

खरी गंमत पुढे. बायोप्सी रिपोर्टवर लिहिलेलं 'अ‍ॅसिनिक सेल कार्सिनोमा, लो ग्रेड', म्हणजे लाळग्रंथीचा हळू वाढणारा कॅन्सर, आणि कडा क्लिअर, म्हणजे काढलेल्या भागाच्या काठावर कॅन्सर नाही. आम्ही सगळे हुश्श. पण खाली बारीक अक्षरात एक ओळ होती की सिक्रीटरी कार्सिनोमाची (लाळग्रंथीच्याच दुसऱ्या एका कॅन्सरची) शक्यता तपासण्यासाठी आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रोटीन्स रंगवून बघणं) आणि मॉलिक्युलर, म्हणजे जीनची, टेस्ट करावी. ऑन्कोलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, 'ही ओळ सोडायची नाही, दुसरं ओपिनियन घ्या, आणि तिकडे जाताना ब्लॉक घेऊन जा.'

ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. स्लाइड्स लगेच मिळाल्या, ब्लॉकसाठी 'देता येत नाही' असं उत्तर, मग लेखी अर्ज, मॅडमचं पत्र, परत आणून द्यायची हमी, असं सगळं करून तो हातात आला. एवढासा चौकोनी तुकडा, त्यासाठी किती ते नाटक! पण जीनची टेस्ट करायला त्यातूनच नवे पातळ काप काढावे लागतात, नुसत्या रंगवलेल्या स्लाइडवर सहसा भागत नाही, त्यामुळे कोणाला ही टेस्ट करायची असेल तर ब्लॉकची चौकशी पहिल्या दिवशीच सुरू करा.

दुसरीकडचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः भेटले, ही मोठीच गोष्ट, कारण पेशंटची आणि त्यांची गाठ सहसा पडतच नाही. त्यांनी सांगितलं की सिक्रीटरी कार्सिनोमा हा वेगळा प्रकार 2010 मध्ये वर्णन केला गेला, त्याआधी अशा बऱ्याचशा गाठी अ‍ॅसिनिक सेल म्हणूनच नोंदल्या जायच्या, कारण मायक्रोस्कोपखाली दोन्ही सारख्या दिसू शकतात. स्तनाच्या कॅन्सरचा एक दुर्मिळ प्रकार अगदी असाच दिसतो आणि त्यातही जीनचा बिघाड तोच असतो. माझ्या स्लाइडवर आयएचसीत एस-100 आणि मॅमाग्लोबिन ही प्रोटीन्स पॉझिटिव्ह, डॉग-1 निगेटिव्ह आलं. म्हणजे सिक्रीटरीचा संशय पक्का, आता फिश टेस्ट, म्हणजे जीनला चमकणारे रंग लावून तो तुटलाय का ते बघायचं.

फिशच्या रिपोर्टमधला फोटो मी कितीदा बघितला असेन! काळ्या पार्श्वभूमीवर निळी केंद्रकं आणि त्यात लाल-हिरवे ठिपके. जीन अखंड असेल तर लाल आणि हिरवा चिकटून असतात, मिळून पिवळसर दिसतात. माझ्या पेशींत एक जोडी चिकटलेली आणि दुसरीतला लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. ईटीव्ही-6 जीन तुटलाय. नंतर आरएनएवर (पेशी जीनवरून जी नक्कल बनवते तिच्यावर) टेस्ट केली तेव्हा तो कोणाला जाऊन चिकटलाय तेही कळलं, एनटीआरके-3. बारा नंबरच्या आणि पंधरा नंबरच्या क्रोमोसोमने आपापसात तुकडे बदलले होते.

याने होतं काय, तर एनटीआरके-3 पासून बनणारं प्रोटीन बाहेरून सिग्नल आला तरच चालू व्हायला पाहिजे, पण ईटीव्ही-6 चा तुकडा जोडला गेला की ती प्रोटीन्स एकमेकांना आपोआप चिकटतात आणि डोअरबेलचं बटण आत अडकून बसावं तसा 'वाढा, वाढा' हा सिग्नल चालूच राहतो.

माझा पहिला प्रश्न अर्थातच, मुलांना होईल का? तर नाही. हा बदल जन्मापासून माझ्यात नव्हता, पुढे कधीतरी ग्रंथीतल्या एखाद्या पेशीत झाला. तो फक्त गाठीत आहे, त्यामुळे या कारणासाठी मुलांची टेस्ट करायची काही गरज नाही. हे ऐकलं आणि त्या रात्री नीट झोप लागली.

वॉर्डात ओळख झालेल्या एका काकांना अ‍ॅडेनॉइड सिस्टिक हा लाळग्रंथीचा दुसरा कॅन्सर होता. माझं ऐकून त्यांनीही विचारलं, माझ्यात एनटीआरके असेल का? त्यांच्या प्रकारात बहुतेक वेळा मायब आणि एनएफआयबी हे जीन जोडले जातात, आणि त्यावर माझ्यासारखं नेमकं औषध सध्या तरी नाही. तो कॅन्सर नसांच्या कडेने सरकतो, कधीकधी कित्येक वर्षांनी फुप्फुसात दिसतो. म्युकोएपिडर्मॉइड या प्रकारात अजून वेगळीच जोडी, सीआरटीसी-1 आणि एमएएमएल-2. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमात हर-2 किंवा अँड्रोजन रिसेप्टर हे प्रोटीन सापडलं तर स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरची औषधं वापरता येतात. सगळ्यांनाच 'लाळग्रंथीचा कॅन्सर' म्हणायचं आणि आत प्रत्येकाचं प्रकरण निराळं, त्यामुळे दुसऱ्याचा रिपोर्ट आपल्याला लावायला जाऊ नये.

मला सध्या औषध काहीच नाही. कडा क्लिअर, लिम्फ नोड निगेटिव्ह, रेडिएशनही नको असं ट्यूमर बोर्डाने (वेगवेगळ्या डॉक्टरांच्या बैठकीने) ठरवलं. लॅरोट्रेक्टिनिब हे या फ्यूजनवरचं, म्हणजे जीनच्या जोडणीवरचं, औषध, अमेरिकेत नोव्हेंबर 2018 मध्ये मंजूर झालेलं, ते गाठ परत आली किंवा पसरली आणि ऑपरेशन शक्य नसेल तरच. नवरा म्हणाला, मग आत्ताच घेऊन टाकूया की! मॅडमने साफ नाही सांगितलं, शिवाय ही औषधं चालू असतानाही एनटीआरके-3 मध्ये नवा बदल होऊन ती लागू पडेनाशी होऊ शकतात, तसं झालं तर नव्याने बायोप्सी घेऊन टेस्ट करावी लागते. तूर्त मानेची सोनोग्राफी आणि तपासणी, बस. ब्लॉक परत जमा केला आणि पावती रिपोर्टच्या फाइलला लावून ठेवलीय, पुढे लागलाच तर परत तेच नाटक नको.