निर्वासितांच्या कामाला सरकारी पैसा कुठून मिळतो?

तुम्ही विचारलंत म्हणून. इंदूरमधल्या लहान मंडळांचा हा नेहमीचा प्रश्न: पाकिस्तानातून आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी काम करायचं आहे, अनुदान कोणत्या योजनेत मिळेल?

‘निर्वासित’ या नावावर मिळणारं अनुदान शोधत बसू नका. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदाही नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची २०२१-२२ ते २०२५-२६ साठी १,४५२ कोटींची योजना मंजूर झाली खरी. पण ती श्रीलंकेतले तमिळ, तिबेटी, त्रिपुरातले ब्रू, पाकव्याप्त काश्मीरमधून आलेली कुटुंबं अशा ठरावीक गटांची. आपली सिंधी कुटुंबं त्यात नाहीत.

सरकारचा पैसा त्यांच्यापर्यंत सेवांच्या रूपाने येतो, आणि त्या सेवा मिळवायला कागद लागतात. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: मंडळाने पहिला पगार अर्ज भरणाऱ्या माणसाला द्यावा. किराणा वाटप नंतर.

सगळ्यात आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे एलटीव्ही. अर्ज ऑनलाइन, पडताळणी पोलिसांच्या परदेशी नोंदणी शाखेकडून. एलटीव्ही असला की पॅन, आधार, बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स यांचा रस्ता मोकळा होतो. अडतं कुठे? पासपोर्टवर नावाचं एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. भाड्याचं घर बदलतं आणि नवा पत्ता कोणी कळवत नाही. पोलीस जुन्या दारावर जाऊन परत येतात. नाव सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा, मुदत संपायच्या आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका.

नागरिकत्वासाठी आधी तारीख बघा. ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या हिंदू, शीख वगैरे सहा समुदायांच्या लोकांना सुधारित नागरिकत्व कायद्याच्या (सीएए) मार्च २०२४च्या नियमांखाली अर्ज करता येतो. तिथे मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्टही पुरावा म्हणून चालतो. नंतर आलेल्यांना जुनाच रस्ता: भारतीय वंशाच्या माणसाला नोंदणीसाठी ७ वर्षांचं वास्तव्य. इथे फसगत होते. स्वतःचा किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म अखंड, म्हणजे फाळणीपूर्वीच्या भारतातला हवा; आजोबांचा चालत नाही.

मुलांच्या शाळेसाठी यातल्या कशाचीच वाट बघू नका. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या ‘प्रत्येक मुलाला’ लागू आहे आणि वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. बाया-मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकीलही फुकट मिळतो.

तरीही अनुदान हवंच असेल, तर शिक्षण किंवा आरोग्य या नावाखाली मागा. संस्थेची नोंदणी, दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांची सरकारी ऑनलाइन नोंद) क्रमांक आणि त्या अनुदानाचा हिशेब स्वतंत्र हवा. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत द्यायचं असतं. ते रखडलं की पुढचा हप्ता अडकतो. परदेशातल्या नातलगांनी देणगी देऊ केली, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय परदेशी नागरिकाचा एक रुपयाही खात्यात घेऊ नका.