बाबांची एसआयपी आणि तो एक टक्का

परवा रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन झाल्यावर बाबांनी म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट पुढे सरकवलं, म्हणे बघ जरा. आमच्या इंदूरच्या घरात आधी फक्त एफडी आणि सोनं, सराफ्याला लोक रात्री खायला जातात पण आई दिवसा सोनं घ्यायला जायची, तर त्या घरात एसआयपी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात टाकणं, ही क्रांतीच! बघते तर फंडाच्या नावापुढे बारीक अक्षरात 'रेग्युलर'. बँकेतल्या ओळखीच्या माणसाने फॉर्म भरून दिला, बाबांनी सही केली, झालं.

आता फंड तोच, मॅनेजर तोच, पण रेग्युलरमध्ये एजंटचं कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जातं, वेगळं बिल येत नाही म्हणून कळतच नाही. मध्ये एजंट नसलेले डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत. मी बाबांसमोरच हिशोब मांडला, महिना ५००० रुपये, २० वर्षं, १२ टक्के परताव्याने साधारण ५० लाख आणि कमिशनपायी एक टक्का गेला तर ११ टक्क्यांनी ४३-४४ लाख. बाबा चष्मा काढून म्हणाले, "एका टक्क्याचे सहा लाख?"

लगेच सगळं डायरेक्टला वळवू म्हणाले, मी थांबवलं. स्विच म्हणजे विक्रीच धरतात, वर्षभरात घेतलेल्या युनिट्सवर (फंडातल्या आपल्या हिश्श्यांवर) एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क, लागू शकतो आणि इक्विटी म्हणजे शेअर्सच्या फंडात वर्षाला सव्वा लाखावरच्या लाँग टर्म (वर्षाहून जुन्या युनिट्सच्या) नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स. म्हणून जुनी एसआयपी बंद, नवी डायरेक्टमध्ये, जुने युनिट्स हळूहळू काढू.

आईचा प्रश्न वेगळाच, त्या बँकवाल्याला दिवाळीचा फराळ द्यायचा की नाही?